घर्षण नगण्य मानू

मास्तर पहिल्यांदा आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना भेटायला गेले, तेव्हा सासरे एका तिजोरीला लोंबकळत होते. किंवा तिजोरी सासऱ्यांना लोंबकळत असेल. कोण कुणाला धरून आहे हे खालून नीट दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की तिजोरी तरुण हत्तीएवढी आहे, हत्तीपेक्षा कठोर मनाची आहे आणि तिचा तळ आपल्या टाळूपासून बरोबर दीड हातावर आहे. ही भेट मास्तर पुढे जन्मभर सांगत राहिले आणि दर वेळी तिजोरीचं वजन शंभर किलोनं वाढत गेलं. लग्नात ती अर्ध्या टनाची होती, मुलगी झाली तेव्हा एक टनाची. आता ती कधीकधी उघडते, आणि आत बँकेचा मॅनेजर बसलेला असतो.

"ए शर्टवाल्या!" जिन्याच्या वरच्या टोकाकडून आवाज आला. "तू जमीन आहेस का?"

"न... नाही," मास्तर म्हणाले. हातात बिस्किटांचा पुडा होता, तो त्यांनी नकळत डोक्यावर धरला.

"मग तिथं काय करतोस? ओझ्याखाली फक्त जमीन उभी राहते! हो बाजूला!"

"मी तुमच्या मुलीसंबंधी बोलायला..."

"आधी ही उतरू दे. दोन ओझी एकदम उतरवत नाही मी."

शहरात ज्याच्या घरी काही जड होतं, तो प्रत्येक जण या माणसाला पाचरअण्णा म्हणत असे. त्यांच्या उजव्या खिशात कायम एक पाचर असायची, म्हणजे लाकडाचा एक बाजूनं निमुळता तुकडा. घसरणाऱ्या गोष्टीखाली तो सारला की गोष्ट थांबते. अण्णा ती कुठंही सारत. हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलाखाली, दवाखान्याच्या आपटणाऱ्या दाराखाली. एकदा भाषण न संपवणाऱ्या एका पुढाऱ्याच्या दिशेनंही त्यांनी ती उगारली होती, पण लोकांनी हात धरला.

धंदा जड वस्तू हलवण्याचा. तिजोऱ्या, पियानो, लेथ, दगडी टेबलं, दवाखान्यांची यंत्रं. एकदा तर दंतवैद्याची खुर्ची दंतवैद्यासकट, कारण तो माणूस काळजीनं तिच्यावरून उठायलाच तयार नव्हता. साधनं म्हणजे दोर, फळ्या, पहारी आणि दोन सोबती. हे दोघे सख्खे भाऊ, थोरला आणि धाकटा. दोघांची साठी उलटलेली. अण्णांबरोबर ते तीस वर्षं होते आणि त्यांतली वीस वर्षं कसल्यातरी टोपीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे काम शांततेत होई.

क्रेनचं नाव काढलं की अण्णांच्या कपाळावर आठी पडे. "क्रेन म्हणजे काय? विचार न करता उचलणं." आणि भिंत पाडून वस्तू बाहेर काढावी असं कुणी सुचवलं, तर ते त्याच्याकडे करुणेनं बघत. "भिंत पाडायला अक्कल लागत नाही, घण लागतो. चौतीस वर्षं झाली. एक भिंत पाडली नाही. एक पोपडा काढला नाही." मोजायला ते टेप वापरत नसत. वीत आणि बोटं. वजनासाठी तर तेही नको, नुसते डोळे पुरत. नात्यातली माणसं भेटली की नमस्काराआधी आकडा येई : "एकाहत्तर. मागच्या वेळी अडुसष्ट होतात." त्यामुळे समारंभात अण्णा आले की अर्ध्या बायका उरलेल्या अर्ध्यांच्या मागे उभ्या राहत.

तर तिजोरी उतरली, आणि मास्तरांना तिच्यावरच बसवण्यात आलं.

"काय करता?"

"शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. सध्या आठवीला बलांचे प्रकार चालू आहेत."

"बलं? म्हणजे जोर? किती प्रकार असतात?"

हा प्रश्न मास्तरांच्या जिवाभावाचा. ते खुलले. "मुख्य दोन. संपर्क बल आणि असंपर्क बल. म्हणजे वस्तूला हात लावून..."

"कळलं. हात लावून छळणारे आणि हात न लावता छळणारे. म्हणजे नातेवाईक."

मास्तरांनी घसा साफ केला. "असंपर्क बलात गुरुत्वीय बल येतं. पृथ्वी प्रत्येक वस्तूला..."

"ती आमची आत्या," अण्णा म्हणाले. "थोरली आत्या. अंगाला हात लावत नाही, रजा घेत नाही, लहानथोर बघत नाही. सगळ्यांना खाली ओढते. तिच्याशी चौतीस वर्षं भांडतोय. पुढे?"

"चुंबकीय बल."

"ते आमच्या धंद्यात येत नाही. ते लग्नाआधी असतं. पुढे?"

"संपर्क बलात स्नायूंचं बल. दोरीतला ताण."

"ताण म्हणजे व्याही. दोन्ही टोकांनी ओढलं तरच नातं टिकतं. एकानं सोडलं की नुसता गुंता."

"आणि आपण जमिनीवर जेवढा भार टाकतो, तेवढंच बल जमीन उलट..."

"ती आई." अण्णांनी पायाखालच्या फरशीवर टाच आपटली. "टाकाल तेवढं धरते. गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही. सोसवेनासं झालं की मात्र आधी सांगत नाही, एकदम तडा जातो. आईला जपायचं. पुढे?"

"शेवटचं घर्षण. पण ते तसं त्रासदायक असतं. हालचालीला विरोध करतं, ऊर्जा वाया घालवतं. गणितं सोडवताना आम्ही म्हणतो, घर्षण नगण्य मानू."

थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं, वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"मास्तर, घर्षण म्हणजे आमचा मेहुणा. अडून बसतो, कुरकुरतो, प्रत्येक कामात मोडता घालतो. मान्य. पण आत्ता तो नसता, तर तुम्ही या तिजोरीवरून घसरून थेट रस्त्यावर गेला असता, आणि माझी मुलगी अविवाहित राहिली असती. मेहुण्याला नगण्य मानू नका."

मास्तर हसले. मोठ्या माणसांच्या बोलण्याला हसावं तसे. लग्न झालं आणि गणितांत घर्षण पूर्वीसारखंच नगण्य राहिलं.

*

पुढची अकरा वर्षं बरी गेली. अण्णा सदुसष्ट वर्षांचे झाले. त्यांची मुलगी हाडांच्या दवाखान्यात नर्स होती. वडिलांच्या व्यवसायातली माणसं तिला वॉर्डात नेमानं भेटत, कुणी पाठीसाठी, कुणी गुडघ्यासाठी. तिनं एक दिवस वडिलांना समोर बसवलं.

"अण्णा, आता बास."

"बास तर बास. एक शेवटचं काम करतो."

"कुठलं?"

"छापखान्याच्या बाईंचं मशीन."

हे मशीन म्हणजे पायानं चालवायचं जुनं छपाईयंत्र, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. वजन आठशे किलो. ते एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. बाईंनी आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी त्याच्यावर नाटकाची तिकिटं, बाटल्यांची लेबलं आणि हरवलेल्या कुत्र्यांच्या जाहिराती छापल्या होत्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते त्या जिन्यानं वर चढवलं, तेव्हा दोराच्या शेपटाला एक बावीस वर्षांचा नवखा हमाल होता. तो नवखा म्हणजे अण्णा. ते त्यांच्या आयुष्यातलं पहिलं ओझं.

आता इमारत नव्या मालकानं घेतली होती आणि सगळ्यांना जागा सोडायची होती. मालकाचा इंजिनिअर तरुण होता, पिवळं हेल्मेट घालून घरातही वावरणारा. त्यानं जिना पाहिला : सरळ, एकवीस पायऱ्यांचा, चिंचोळा, मशीनपेक्षा जेमतेम दोन बोटं रुंद. निकाल दिला.

"जिन्यानं उतरणार नाही. क्रेन लावायची तर भिंत पाडावी लागेल, आणि मालक भिंत पाडू देणार नाहीत. शनिवार संध्याकाळपर्यंत मशीन गेलं नाही, तर सोमवारी गॅसकटरनं चार तुकडे करू."

"बीड आहे ते," बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, बोटांच्या पेरांत कायमची काळी शाई असलेल्या. "एकदा तुटलं की धड जोडता येत नाही. तुमच्या मालकांच्या शब्दासारखं."

इंजिनिअरनं कागदावर आकडे मांडले आणि तो कागद अण्णांसमोर धरला. अण्णांनी तो न बघता मास्तरांकडे सरकवला. बायकोनं मास्तरांना दटावून पाठवलं होतं, "अण्णांवर लक्ष ठेव, काही उचलायला देऊ नकोस," म्हणून ते तिथं होते.

मास्तरांनी गणित दोनदा तपासलं. "अण्णा, बरोबर आहे हो. उतारावर ओढ साडेचारशे किलोची. तुम्ही तिघं. प्रत्येकी चाळीस किलोचा जोर धरला तरी एकशेवीस होतात."

"यात मेहुणा कुठाय?"

"घर्षण नगण्य मानलंय."

"मग मानू नका ना!" अण्णा कडाडले, आणि इंजिनिअरकडे वळले. "साहेब, शनिवारी दुपारी या. ना तुमची भिंत पाडणार, ना बाईंचं मशीन कापणार. जे मी वर नेलं ते मीच खाली आणणार. तुमच्या कागदाला सांगा, जमलं तर त्यानंही यावं."

त्या आठवड्यात अण्णांनी जिना अकरा वेळा मोजला. वीत, बोट, वीत, बोट. खाली, मधे, वर. बाई म्हणत होत्या, "नवी जागा बघा हो, ऐसपैस आहे, तळमजला आहे." अण्णा म्हणत, "तळमजल्याचं काय बघायचं? तिथं आत्याला काही कामच नाही."

पद्धत साधी होती. मशीन लाकडी पाटावर बांधायचं. पायऱ्यांवर कोरड्या फळ्या टाकून उतार करायचा. वरच्या खोलीत एक जुना, खरबरीत लाकडी खांब होता. मशीनचा दोर त्याला दोन वेढे देऊन न्यायचा आणि शेपूट थोरल्या-धाकट्यानं धरायचं. वेढे घट्ट बसले की खांबच सगळं पेलतो. दोन म्हाताऱ्यांनी फक्त बोटाबोटानं दोर सोडायचा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मास्तर छापखान्यात डोकावले. अण्णा चहाला गेले होते. मास्तरांनी तो खांब पाहिला. जुन्या दोरांनी त्याच्यावर खोल चरे पाडले होते. त्यांचा जीव कळवळला. या खरबरीत खांबावर दोर झिजणार, अडकणार, आणि बिचाऱ्या म्हाताऱ्यांना तो ओढून ओढून सोडावा लागणार! खडबडीत पृष्ठभाग, घर्षण जास्त. गुळगुळीत पृष्ठभाग, घर्षण कमी. आठवीचं पुस्तक, पान साठ. मोरीत धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या होत्या. मास्तरांनी बाह्या सरसावल्या. एक वडी फळ्यांवर संपवली, दुसरी खांबावर. चरेसुद्धा बुजवले. सासऱ्यांना न सांगता केलेली सेवा म्हणून त्यांना फार गोड वाटलं. शीळ घालत ते घरी गेले.

*

शनिवारी दुपारी दोन वाजता सगळे जमले. खाली दारात अण्णा, बाई आणि हेल्मेटातला इंजिनिअर. वर खांबापाशी थोरला, धाकटा आणि, लक्ष ठेवायचं म्हणून, मास्तर.

"वास कसला येतोय?" थोरल्यानं नाक वर केलं. "बाई, धुणं काढलंय का?"

"शाईचा असेल," मास्तर घाईनं म्हणाले. अण्णांना काम झाल्यावर सांगायचं होतं. थोरल्यानं वेढे घातले.

अण्णांनी खालून हात वर केला. "सोडा! बोटभर!"

मशीननं पहिली पायरी ओलांडली. दुसरी. तिसऱ्या पायरीवर थोरला पुटपुटला, "हे आज जास्तच आज्ञाधारक आहे." पाचव्या पायरीवर धाकटा टोपीचं भांडण विसरून ओरडला, "दादा, धर! धर की!"

दोर खांबाभोवती फिरत नव्हता, वाहत होता. दोर बोटाबोटानं सुटायच्या ऐवजी त्याच्यामागे ते दोघेच पुढे चालले होते, खांबाच्या दिशेनं. मास्तरांनी झेप टाकून शेपूट पकडलं. तळहात सोलले गेले. आता तिघंही खांबाकडे निघाले, आणि त्या क्षणी मास्तरांना पान साठ आरपार समजलं.

"साबण!" ते किंचाळले. "अण्णा, मी साबण लावला!"

"कुठं?"

"सगळीकडे!"

आठशे किलोचं मशीन नवव्या पायरीवरून दहावीवर, दहावीवरून बारावीवर. समोर दार, दारात माणसं, त्यापलीकडे रस्ता. इंजिनिअर एका उडीत रस्त्याच्या पलीकडे पोचला. हेल्मेट मागे राहिलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या मशीनकडे बघत होत्या, जणू त्यांनी नजर काढली तर ते फुटेल.

"मेहुण्याला घराबाहेर काढलंत, मास्तर!" अण्णा गरजले. आणि पंचेचाळीस वर्षांचा नियम मोडून ते ओझ्याखाली शिरले.

जिन्याच्या पायथ्याशी, भिंतीवर, आग विझवायच्या वाळूच्या दोन लाल बादल्या टांगलेल्या होत्या. त्या इंजिनिअरनंच नियमाप्रमाणे लावून घेतल्या होत्या. अण्णांनी एक उपसली आणि फळ्यांवर भिरकावली. मग दुसरी. मशीन कर्र्र करून ओरडलं. त्या आवाजानं दात आंबावेत, पण अण्णांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू रुसून गेलेला माणूस शिव्या देत का होईना पण घरी परतलाय. पाट वाळूत रुतला, खरवडला, आणखी दोन पायऱ्या आला आणि मंदावला. अण्णांनी खिशातली पाचर काढली आणि पाटाखाली सारली.

मशीन थांबलं. खालून सात पायऱ्या राहिल्या होत्या. मशीन आणि अण्णांची छाती यांच्यात एक वीत अंतर होतं. त्यांनी ते सवयीनं मोजलंसुद्धा.

इंजिनिअर रस्ता ओलांडून परत आला. "थांबवा सगळं! इथंच राहू द्या! सोमवारी इथंच कापू. तुम्ही मेला असता!"

"आत्या चाळीस वर्षं हेच म्हणतेय," अण्णा म्हणाले. "तिचं नाही ऐकलं, तर तुमचं कुठलं ऐकणार? शनिवार संध्याकाळ म्हणालात ना? संध्याकाळ व्हायची आहे. हेल्मेट उचला. पायात येतंय."

वर मास्तर खांबाला टेकून बसले होते, तळहात वर करून. अण्णा जिना चढून जाऊ शकत नव्हते, मशीन आडवं होतं. त्यांनी खालूनच विचारलं, "मास्तर, का केलंत?"

"दोर झिजू नये म्हणून. तुम्हाला कमी त्रास व्हावा म्हणून."

"हं. हात?"

"सोललेत."

"म्हणजे तुमचा हात आणि दोर यांच्यात तरी मेहुणा होता. बरं झालं. आता उठा. दोर हलवायचा नाही, वरच्या तुळईला गाठ मारून ठेवा. मग हा खांब गरम पाण्यानं धुवा, वाळूनं घासा, जसा होता तसा खरबरीत करा. चार वेढे घाला. आणि शेपूट तुम्ही धरायचं. सगळ्यात मागे. मी धरलं होतं तिथं."

"अण्णा, मला नको. मी परत..."

"परत साबण लावाल?"

"नाही."

"मग तुमच्याइतका खात्रीचा माणूस या शहरात दुसरा नाही. धरा."

बाईंनी शेजारच्या घरात स्वतः पाणी तापवलं, आणि ते वाळूसकट खिडकीतून दोरीनं वर ओढून घेतलं. खांब धुवायला दीड तास लागला. मास्तरांनी हातांना फडकी बांधून तो असा घासला, जणू आठवीच्या पुस्तकाचा सूड घेत होते. मग चार वेढे. थोरला, धाकटा, आणि सर्वांत शेवटी मास्तर. दोर ताठ झाला, खांब कण्हला, आणि आठशे किलोचं ओझं मास्तरांच्या चिमटीत येऊन उभं राहिलं. त्यांना हसू आलं. कागदावरचे साडेचारशे किलो कुठं गेले ते आता हातांना कळत होतं.

"बोटभर!"

सात पायऱ्यांना पन्नास मिनिटं लागली. साडेपाच वाजता मशीन उंबऱ्याबाहेर आलं. इंजिनिअरनं जिन्याच्या दोन्ही भिंती वरपासून खालपर्यंत तपासल्या. ओरखडा नव्हता. बाईंनी मशीनच्या पेडलवर पाय ठेवला आणि एकदा दाबला. मोठं चाक अर्धा फेरा सहज फिरलं. त्यांनी शाईच्या बोटांनी डोळे पुसले, त्यामुळे पुढचे दोन दिवस त्यांना मारामारी केल्यासारखा चेहरा घेऊन हिंडावं लागलं.

"पंचेचाळीस वर्षं," अण्णांनी इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवला. "एक भिंत पाडली नाही. लिहा तुमच्या कागदावर. आणि तुम्ही पासष्ट आहात. जेवत जा."

टेम्पो मागवला. मास्तरांनी बायकोला फोन करून सांगितलं, की अण्णा सुखरूप आहेत आणि आपल्याला थोडं ड्रेसिंग लागेल. थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत होते. विषय टोपीचाच होता, पण बोलत होते. टेम्पो बाईंच्या नव्या जागेसमोर थांबला. जागा खरंच ऐसपैस होती. तळमजला होता, फरशी सपाट होती, उजेड भरपूर होता.

अण्णांनी दारावर वीत ठेवली. मग बोटं. मग परत वीत.

दार मशीनपेक्षा चार बोटं अरुंद होतं.

सोमवारी दोन गवंडी आले आणि दाराशेजारची भिंत पाडली. वीस मिनिटं लागली. अण्णांनी त्यानंतर काम घेतलं नाही.